नासर्डीचं वळण

नकाशा उघडायला सहा मिनिटं लागायची.
तेवढ्यात गायधनी मॅडम खाली जाऊन
चहा पिऊन, चहावाल्याच्या मुलीचा निकाल विचारून
परत वर यायच्या.
पडद्यावर तोच निळा गोल,
घाण्याच्या बैलासारखा,
थेंबभर तेल न काढता.

साहेब म्हणाले, मशीन नवीन मागवू.
फाइल गेली.
तीही तशीच कुठेतरी गोल फिरत असणार.

मग एका रविवारी मी एकटाच बसलो.
तिसरा मजला, डिसेंबर,
बोटं काखेत धरून मग माऊस धरायचा, अशी थंडी.
आधी सगळे लेअर बंद केले. चौऱ्याऐंशी निघाले.
मागच्याच्या मागच्या मेळ्यातली तात्पुरती शौचालयं,
भटक्या कुत्र्यांचा सर्व्हे,
'फायनल', 'नवीन फायनल', 'हेच घ्या'.
'हेच घ्या' घेतलं.
बाकीचे उडवताना हात कापला नाही,
कुत्र्यांपाशी मात्र जरा थांबलो.

डेटा मुख्यालयातून यायचा,
एकेक पाइप वायरीतून ओढत.
तो इथेच उतरवून घेतला, हाताशी.
मग अनुक्रमणिका बांधली.
आधी दहीपुलाजवळचा एक व्हॉल्व्ह शोधायला
हे यंत्र पार पाथर्डी फाट्यापासून
दारं ठोठावत यायचं.
आता शहराचे चौकोन पाडले;
ते सरळ बोहरपट्टीत शिरतं.

विमानातून काढलेला फोटो, चाळीस जीबी.
त्याच्या लहान, आणखी लहान प्रती केल्या,
उतरंड रचावी तशा.
सगळ्यात वरच्या बोळक्यात
अख्खं नाशिक, अंगठ्याच्या नखाएवढं.

आणि नद्या.
एकट्या नासर्डीला एकेचाळीस हजार बिंदू!
एजाज कोकणी नावाचा पोरगा होता, रोजंदारीवर,
त्यानं काठाकाठानं
दगडागणिक एक क्लिक केलेला.
कुणी सांगितलं होतं त्याला इतकं?
मी सवलत दिली पाच मीटरची.
बटण दाबलं. उरले नऊशे.

संध्याकाळी नकाशा नऊ सेकंदांत उघडला.
मी तो बंद केला, पुन्हा उघडला.
पाच-सहा वेळा. कुणी बघायला नव्हतं.

सोमवारी पुंजा बेंडकुळे आले,
व्हॉल्व्हमन, निवृत्तीला चार महिने,
हातात ती लांब चावी, तशीच, जिना चढून.
चष्मा कपाळावर सरकवून
पडद्याच्या अगदी जवळ गेले.
"नदी कुणी सरळ केली?"

मी वेगाबद्दल सांगू लागलो.
त्यांनी नख टेकवलं काचेवर.
"माझा दोनशे बारा पाण्यात उभाय इथं.
हितं नदी मुरडते, साहेब.
पूर आला की पाणी आधी या कोपऱ्यात फुगतं,
मग पलीकडून, बाभळीच्या अंगानं जाऊन
चेंबर उघडावा लागतो.
सरळ गेलात तर गेलात."

त्या दुपारी मी जुनी प्रत काढली.
एजाजचे बिंदू मोठे करून पाहिले.
खरंच, त्या मुरडीवर ते
मुंग्यांसारखे दाटले होते.
एका ठिकाणी तर त्यानं
पाण्यातल्या एका खडकालाही वळसा घातलेला.
वरची नदी सरळच ठेवली,
खालची ठेवली,
मधला तुकडा त्याच्या हातचा, जसाच्या तसा जोडला.

अकरा सेकंद.

साहेब खूश आहेत, त्यांना नऊ माहीतच नव्हते.
गायधनी मॅडम चहाला जातातच,
आता उगाच जातात.
एजाज म्हणे सिन्नरला असतो,
कुठल्याशा गोदामात; नंबर लागत नाही.

मी सकाळी संगणक सुरू करतो
आणि मनात मोजतो.
पाचला रस्ते येतात, सातला पाइप,
आठ, नऊ.
मग नदी येते, मधे तुटलेली,
आणि दहा